लतीफचाचा आणि आपल्याकडून झालेले गोल

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी उशिरा लागली की लतीफचाचा प्रवाशांची माफी मागत. एस.टी.शी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते ना कंडक्टर, ना कंट्रोलर, ना त्यांना स्वतःला कुठे जायचं असे. हातात बाजाराची पिशवी घेऊन ते वैतागलेल्या माणसांच्या घोळक्यासमोर उभे राहत, मान जरा खाली घालत आणि म्हणत, "आपल्याकडून आज उशीर झाला हां. माफ करा." नवखा माणूस त्यांच्यावरच भडके. चाचा सगळं ऐकून घेत, त्याला पाण्याचा नळ कुठे आहे ते दाखवत आणि मग घरी येत.

'आपल्याकडून' हा त्यांचा खास शब्द. या एका शब्दाने ते कुणाचाही अपराध स्वतःच्या पदरात घेत. वीज गेली, तर ती आपल्याकडून गेली. पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की गुडघाभर पाण्यातून दुकानादुकानापाशी जाऊन सांगत, "यंदा आपल्याकडून जरा जास्तच आलं." कुणाच्या लग्नात बँडवाला बेसूर वाजवू लागला की यांना घास उतरत नसे. यजमान मजेत, नवरदेव मजेत, आणि पंगतीच्या टोकाला लतीफचाचा घामाघूम.

मी त्यांची भाडेकरू. कोर्टात कारकुनी लागली, आणि उमरठच्या बाजूच्या आमच्या गावातून रोजची ये-जा जमेना, म्हणून त्यांच्या माडीवरची खोली घेतली. खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी दार उघडायच्या आधीच जिन्याची माफी मागितली. मग खिडकीची, मग समोरच्या पिठाच्या गिरणीची, आणि शेवटी कावळ्यांची. माझी आई बरोबर होती. खाली उतरताना ती मला हळूच म्हणाली, "माणूस बरा हाय गो. पण ह्यानं केलंय काय?"

तो प्रश्न पुढे बरीच वर्षं मलाही पडत होता. एकदा ते मला डबा द्यायला कोर्टात आले. तिथे एका म्हाताऱ्याला पुढची तारीख पडली होती. चाचांनी बाकावर त्याच्याशेजारी बसून त्याचा हात धरला आणि "आपल्याकडून तारीख पडली हां" असं सांगितलं. म्हाताऱ्याला वाटलं, हेच समोरचे वकील. त्याने कोर्टाच्या आवारात जो आवाज लावला, त्याने न्यायाधीशांच्या खोलीचं दार उघडलं. मी फायलीमागे तोंड घातलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढलं नाही.

त्यांची बायको खैरूनचाची. देवाने सगळी शरम नवऱ्याच्या वाट्याला दिल्यामुळे असेल, त्यांच्याकडे ती अजिबात उरली नव्हती. त्या दारात उभ्या राहून अख्ख्या आळीशी भांडू शकत, आणि भांडण संपल्यावर त्याच घरात चहा प्यायला जात. नवऱ्याचा मात्र त्यांना अभिमान होता. चाचा तरुणपणी बहारीनला गेले आणि केस पिकल्यावर परत आले. तिथे एका मोठ्या स्पोर्ट्स क्लबात ते मॅनेजर होते. बैठकीच्या खोलीत त्यांचा टाय लावलेला फोटो होता, मागे क्लबची काचेची इमारत. आल्यागेल्याला चाची तो फोटो दाखवत. त्या वेळी चाचांना नेमकं बाहेर काहीतरी काम निघे. आम्ही म्हणायचो, माणूस किती विनयी.

बहारीनहून त्यांनी फुटबॉलचं वेड आणलं. महाडात ते वाटून घ्यायला कुणी नव्हतं. आमच्या आळीचा खेळ क्रिकेट, आणि त्याचं मैदान म्हणजे मनोहरशेटच्या किराणा दुकानातला टीव्ही. सामना असला की साखरेच्या पोत्यांवर माणसं बसत. चाचाही कोपऱ्यात उभे राहत आणि झेल सुटला की सगळ्यांची माफी मागत.

त्या वर्षी थंडीत आशियाई स्पर्धा होत्या, बाहेरदेशी. एका सकाळी चाचा पेपर घेऊन माडीवर आले. आतल्या पानावर, तळाशी, दोन ओळी होत्या. भारतीय महिलांचा फुटबॉल संघ रवाना. चाचांनी त्या मला दोनदा वाचायला लावल्या. मग म्हणाले, "फोटो पण नाय लावला आपल्याकडून."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. आधी ते केबलवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, बायकांचा फुटबॉल असतो का? मग ते मनोहरशेटकडे गेले आणि त्या दिवशी टीव्ही त्या सामन्यावर लावाल का म्हणून विचारून आले. पोत्यांवरची मंडळी इतकी हसली की शेटना तराजू खाली ठेवावा लागला. सामना कुठे दाखवणारच नव्हते, हे नंतर कळलं. पण चाचा विचारायचे थांबले नाहीत. रोज जाऊन विचारत, रोज हसू ऐकत आणि रोज घरी येऊन उपाशी झोपत. चाची चिडल्या. मला म्हणाल्या, "खेळणार त्या पोरी, नि भूक मेली ह्यांची."

शेवटी मार्ग निघाला. चाचांचा भाचा अजून बहारीनला होता. त्याच्याकडे खेळाचा एक चॅनेल होता आणि त्यात खालच्या पट्टीवर निकाल सरकत जात. ठरलं असं की सामना झाला की चाचांनी एस.टी.डी. बूथवरून त्याला फोन करायचा. मात्र एकट्याने निकाल ऐकायची त्यांची छाती नव्हती. म्हणून संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर ते मला घेऊन गेले.

काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघं कसेबसे मावलो. चाचांनी नंबर फिरवला, भाच्याची खुशाली विचारली आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. "तू ऐक पोरी. मला बोटांनी सांग." पलीकडे भाचा जरा अडखळला, मग आकडा म्हणाला. मी एका हाताची बोटं दाखवली. चाचांनी मान हलवली. मी दुसऱ्या हाताची बोटं दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. मग मी पहिल्या हाताकडे परत आले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "बस. आता नको दाखवू." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, आपले किती? मी मूठ दाखवली.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून घरी गेला असता. चाचा थेट मनोहरशेटच्या दुकानात गेले. पायरीवर उभे राहून, चप्पल काढून, त्यांनी आकडा सांगितला. "आपल्याकडून आज बचाव कमी पडला हां." मंडळी थक्क झाली आणि मग गडगडून हसली. कुणीतरी विचारलं, लतीफभाई, तुम्ही कुठल्या जागेवर खेळता? मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते आणि मला वाटत होतं की जमीन दुभंगावी. पोरी हरल्या याचं मला काही नव्हतं. आपला घरमालक पायरीवर अनवाणी उभा राहून हसं करून घेतो आहे, याची लाज होती.

पुढचे सामनेही तसेच गेले. दरवेळी बूथ, दरवेळी बोटं, दरवेळी ती पायरी. आळीने चाचांचं नाव 'गोलकीपर' ठेवलं. ते रस्त्याने निघाले की मनोहरशेट गल्ल्यावरूनच विचारत, "काय लतीफभाई, आज किती?" स्पर्धा संपली तरी विचारत. चाचा थांबून खरं उत्तर देत. चवदार तळ्याकडून वळून, लांबच्या वाटेने घरी यायची सवय त्यांनी तेव्हापासून लावून घेतली.

मग तो रविवार आला. दुपारी चाचा स्टँडवरून धापा टाकत घरी आले आणि ओट्यावर बसले. कुणी गेलं की काय, असं चाचींना वाटलं. चाचांना बोलताच येईना. पाणी पिऊन झाल्यावर हळूहळू कळलं ते असं. मुंबईहून गोव्याला निघालेली गाडी स्टँडवर बंद पडली होती. चाचा नेहमीप्रमाणे माफी मागायला पुढे झाले, तर फलाटावर बॅगांवर तीन मुली बसलेल्या. निळी जाकिटं, आणि पाठीवर देशाचं नाव.

"त्याच हायत," चाचा म्हणाले. "गोव्याच्या पोरी. रेल्वेचं तिकीट मिळालं नसेल. मला त्यांच्यापुढं जाववत नाय. तू चल."

मी आणि चाची निघालो. चाचा आमच्या मागे, भिंतीच्या कडेने. मुली तिथेच होत्या. उन्हाने चेहरे रापलेले, एकीच्या गुडघ्याला पट्टी. मी जवळ जाऊन विचारलं, तुम्ही भारताच्या फुटबॉल संघातल्या ना? तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली उंच मुलगी उठली, तिने जाकीट काढलं, अक्षरं आत जातील अशी त्याची घडी घातली आणि ती मांडीखाली ठेवून पुन्हा बसली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "नाही. आम्ही कॉलेजच्या."

गाडीत मागच्या बाकावरच्या टोळक्याने पनवेलपासून त्यांचा पिच्छा पुरवला होता, गोल मोजून मोजून. हे आम्हाला नंतर समजलं. त्या वेळी मला कळलं ते एवढंच, की आपण विचारायला नको होतं.

चाचांनी ते ऐकलं. ते भिंत सोडून पुढे आले. त्यांनी चप्पल काढली आणि म्हणाले, "आपल्याकडून झालं हां पोरींनो. माफ करा."

त्या उंच मुलीला वाटलं, हे एस.टी.चे कुणी साहेब असावेत. ती समजूतदारपणे म्हणाली, "असू दे अंकल. इंजिनाला कोण काय करणार."

"तसं नाय," चाचा म्हणाले. "आम्ही कोणी बघितलं नाय. टीव्ही होता, पण लावला नाय."

इतकी माणसं त्या तिघींना आजवर काय काय बोलली असतील, पण हे त्यांना कुणी बोललेलं नव्हतं. त्या उंच मुलीने जाकीट मांडीखालून काढलं आणि नुसतंच हातात धरलं. तिचं नाव मार्था. ती गोलकीपर होती.

पुढचा कारभार चाचींनी हातात घेतला. डेपोतल्या मिस्त्रीने गाडीला संध्याकाळ होईल म्हणून सांगितलं होतं. चाचींनी त्याला घराची दिशा दाखवली, गाडी सुरू झाली की निरोप धाड म्हणून बजावलं, आणि मुलींना म्हणाल्या, "चला गो, जेवायला. उठा." त्यांच्या आवाजाला नाही म्हणायची सोय नसते. तांदळाच्या भाकरी आणि कोंबडीचं कालवण तिघींनी असं खाल्लं की चाचींना नव्याने पीठ मळावं लागलं.

जेवण झाल्यावर मार्थाने काहीतरी काढायला बॅगेची चेन उघडली आणि घाईघाईने लावून टाकली. तरी वास खोलीभर पसरला. ती लाल झाली. म्हणाली, शेवटचा सामना चिखलात झाला, धुवायला वेळच मिळाला नाही, सगळं तसंच कोंबलं. तिघींचे कपडे तिच्याच बॅगेत होते. जर्सी परत द्यायच्या असतात, त्यामुळे धुवाव्या तर लागणार. थोडा साबण मिळेल का?

चाची साबण आणायला उठल्या. चाचांनी बॅग उचलली आणि ते मागच्या दारी मोरीवर गेले. आम्हाला वाटलं, दगड दाखवायला गेले असतील. पाठोपाठ मुली गेल्या, मग मी आणि चाची.

चाचा उकिडवे बसले होते. त्यांनी एकेक जर्सी उलटी केली, चिखल आधी नुसत्या पाण्याने सोडवला, आकड्यावर हात न घासता कडेकडेने साबण लावला. मोजे जोडी लावून एकमेकांत अडकवले. ग्लोव्हज वेगळे काढले, पिळले नाहीत, तळव्याने दाबून पाणी काढलं. हात भराभर चालत होते. ज्या माणसाने घरात स्वतःचा रुमाल कधी धुतला नव्हता, त्याचे ते हात.

मार्था बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अंकल, तुम्ही किटमॅन होता?"

तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. चाचींनीही. चाचांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं ते मार्थाकडे नाही, चाचींकडे.

"हो," ते म्हणाले. "मॅनेजर नव्हतो मी. कपडे धुवायचो."

नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण मागे मुली आणि पुढे मोरी. चाचींच्या तोंडून शब्द न फुटणं मी प्रथमच पाहत होते. त्यांनी पदर खोचला, पुढे झाल्या, आणि चाचांच्या हातातल्या भिजलेल्या जर्सीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती पिळली.

मागच्या दारी ऊन नव्हतं. ते होतं पुढच्या सज्जात, बाजाराच्या अंगाला. चाचा पिळे घेऊन सज्जाच्या दारापर्यंत गेले आणि तिथे अडले. सगळी आळी दिसत होती, सगळ्या आळीला ते दिसणार होते. चाचींनी त्यांच्या हातातून पहिली जर्सी घेतली, झटकली आणि दोरीवर टाकली. दुसरी चाचांनी स्वतः टाकली. आकडे रस्त्याच्या बाजूला, एका ओळीत.

मनोहरशेट दुकानाबाहेर आले. वर बघून त्यांनी सवयीने विचारलं, "काय लतीफभाई, किती?"

चाचा तोंड उघडणार, त्याआधी मार्था सज्जात आली. तिने आकडा सांगितला. खरा, पूर्ण. मग म्हणाली, "गोलात मी होते."

शेटनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दोरीकडे. मग ते खाली बघून धोतराचा सोगा नीट करू लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, पोरींचं चहापाणी झालं का. आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

कापड हलकं, थंडीतलं कोरडं ऊन. जर्सी लवकर वाळल्या. चाचांनी जमिनीवर घोंगडी अंथरून त्यावर उलट्या बाजूने इस्त्री केली आणि आकडा वर येईल अशा घड्या घातल्या. मार्था शेजारी बसून राहिली. तिला त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या क्लबाचा गोलकीपर एकदा असाच हरला आणि कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येईना. सगळे निघून गेले. चाचांना त्याची भाषा धड येत नव्हती, म्हणून ते इस्त्री केलेला शर्ट हातावर घेऊन दाराबाहेर उभे राहिले. मार्थाने विचारलं, मग? "मग आला बाहेर," चाचा म्हणाले. "शर्ट घेतला नि गेला."

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा डेपोतून निरोप आला. आम्ही सगळे स्टँडवर गेलो. मुलींनी जाकिटं घातली होती, अक्षरं बाहेर. मागच्या बाकावरचं टोळकं कंटाळून दुसऱ्या गाडीने कधीच निघून गेलं होतं. गाडी सुटली. चाचांनी कुणाची माफी मागितली नाही. हात वर करायचंही त्यांना सुचलं नाही.

घरी आल्यावर आम्ही तिघं ओट्यावर बसलो. चाची भांडतील, निदान दोन शब्द ऐकवतील, अशी मी वाट पाहत होते. इतकी वर्षं त्या प्रत्येकाला तो फोटो दाखवत आल्या होत्या. बहुधा चाचाही त्याचीच वाट पाहत होते. ते मान खाली घालून बसले होते.

चाचींनी तांदळाचं सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागल्या. बऱ्याच वेळाने, सुपातून नजर न काढता, त्या म्हणाल्या, "सुट्टीवर यायचात, तेव्हा हाताची सालटं निघालेली असायची. बोटांच्या बेचक्यातनं रक्त यायचं. तिकडचं ऊन बाधतं म्हणायचात."

"हं," चाचा म्हणाले.

"कचेरीत बसणाऱ्याला हाताच्या आतल्या बाजूला कुठलं ऊन लागतं?"

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तेव्हाच विचारलं का नाय मग?"

चाचींनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

"तुम्हाला शरम वाटली असती," त्या म्हणाल्या.

चाचांनी सुपाची एक कड आपल्या गुडघ्यावर ओढली आणि तेही खडे वेचू लागले. मी उठले आणि आवाज न करता वर निघून आले.